पन्नासाच्या नोटेवरची हळद

"हिला हळद कुणी लावली?" हेर्लेकरांनी विचारलं.

"आमची लक्ष्मी आहे ती," मी म्हटलं. "दर दिवाळीला पुजतो. हळद लागणार, कुंकू लागणार. लक्ष्मीला काय स्नो-पावडर लावायची का?"

शैलानं मला कोपरानं ढोसलं. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या मिरजेला माहीत आहे, आणि ती तर माझी सख्खी धाकटी बहीण. पण हेर्लेकरांना राग आला नाही. त्यांचं लक्षच नव्हतं माझ्याकडं. बँकेतून रिटायर झालेला हा माणूस सांगलीत गणपती पेठेत एका माडीवर बसून जुन्या नोटा आणि नाणी विकायचा, लोकांना त्यांची किंमत सांगायचा. नोट उडू नये म्हणून त्यांनी आधी पंखा बंद केला होता. आम्ही दोघी घामानं निथळत होतो आणि ते चिमट्यानं नोट काचेवर इकडून तिकडं फिरवत होते. भिंग लावलं, दिव्यासमोर धरली, कोपरे बघितले, मग डोळे मिटून कडेवरनं बोट फिरवलं.

"पाचवा जॉर्ज," ते म्हणाले. "पन्नास रुपये. आणि हे खाली बघा. कराची. त्या काळी नोट कुठल्या शहरातून निघाली ते छापायचे. पन्नासाच्या नोटा मुळात कमी, त्यात कराचीची मी आजवर एकच बघितलीय. तीही फाटकी."

"भोकं आहेत दोन," शैला घाबरत म्हणाली.

"ती चालतात. गड्ड्या शिवून ठेवायचे तेव्हा. भोकांचं काही नाही. कागद उत्तम आहे. करकरीत आवाज ऐका." त्यांनी कोपऱ्याला हळूच टिचकी मारली. "हा आवाज, हा मूळचा खरबरीतपणा, शाई अंगावर उभी आहे ती. याचे पैसे असतात ताई."

"किती?" मी विचारलं. मला कौतुक ऐकायचं नव्हतं.

"जशी आहे तशी, अडीच लाख. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे, पुण्याचे डॉक्टर. रविवारी येणार आहेत. ते रोख देतील."

शैलानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. अडीच लाख. आम्हाला दोन हवे होते.

कशाला हवे होते ते सांगते. शैलाला तासगावकडं दिली होती. नवरा दिलीप. तो प्यायचा आणि मारायचा, आणि त्याची आई दाराशी उभी राहून बघायची. एका दसऱ्याला शैला हात मोडून घरी आली ती परत गेली नाही. पण पोर तिथं राहिली. चिमी. तेव्हा तीन वर्षांची होती. वकील म्हणाला, कोर्ट पोर आईलाच देईल, पण तारखा पडतील. तारखा पडत होत्या तेवढ्यात दिलीपला सुरतेला गिरणीत काम लागलं. गुढीपाडवा झाला की आई आणि पोर घेऊन तो जाणार होता. एकदा सुरतेला गेले की आम्ही त्यांना कुठं शोधणार? आमचे बंडूमामा मध्यस्थी करायला गेले आणि निरोप घेऊन आले. लग्नाचा खर्च म्हणून दोन लाख द्या, वकिलासमोर सही करतो, पोर तिथंच ताब्यात देतो. लग्नाचा खर्च तरी त्यांनी कुठं केला होता? सगळा आमच्या वडिलांनी, आप्पांनी केला होता. पण भांडायला वेळ नव्हता.

त्याच्या आधी शैला एकदा चोरून अंगणवाडीत जाऊन पोरीला बघून आली होती. पोर तिला 'मावशी' म्हणाली. आजीनं तसं शिकवलं होतं. त्या दिवसापासून शैला नीट जेवली नव्हती.

"अडीच पक्के?" मी हेर्लेकरांना विचारलं.

"पक्के. डाग नसता आणि ही मधली घडी नसती तर डोळे झाकून चार सांगितले असते. डागानं आणि घडीनं दीड लाख खाल्ले. असो. आमच्या धंद्यात असंच आहे." ते नोट एका पारदर्शक पाकिटात सरकवत म्हणाले, "इथं ठेवून जाता का? कपाट आहे माझं."

मी ठेवली नाही. सोनाराकडं सोनं विसरू नये आणि व्यापाऱ्याकडं नोट ठेवू नये, असं माझं मत. माणूस भला दिसत होता, पण भला दिसायला काय लागतं? मी पाकीट ब्लाऊजमध्ये ठेवलं, वर पदर घट्ट ओढला आणि आम्ही मिरजेची बस धरली.

"जपून ठेवा," ते जिन्यावरून म्हणाले. "दुमडू नका."

बसमध्ये शैला पहिल्यांदा हसली. "अक्का, चिमीला मिरजेच्या शाळेत घालू. तुझ्या दुकानासमोरची."

"माझं दुकान कसलं? आप्पांचं आहे."

दुकान म्हणजे आमची लाँड्री. आम्ही जातीनं परीट, धंद्यानंही परीट. माझे मालक वारल्यापासून मी माहेरीच होते, गल्ल्यावर मीच बसायचे. आप्पा भट्टी आणि इस्त्री बघायचे. मिरजेत दवाखाने पायलीला पन्नास, त्यामुळं डॉक्टरांचे पांढरे कोट आमच्याकडं ढिगानं यायचे. रक्ताचे, आयोडिनचे, कसकसले डाग. आप्पांच्या हातून डाग सुटला नाही असं कधी झालं नाही. मोठमोठे सर्जन कोट हातात धरून म्हणायचे, "यशवंता, हे तुझं ऑपरेशन माझ्यापेक्षा सफाईचं." आणि आप्पा मान खाली घालून हसायचे.

ती नोटही तशीच आली होती घरात. आप्पांचे आजोबा राजवाड्यावरची धुणी धुवायचे. राणीसाहेबांच्या शालूवर ऐन लग्नाच्या सकाळी काजळाचा की कशाचा डाग पडला, आणि पणजोबांनी तो मुहूर्ताच्या आत काढून दिला. रेशमाला धक्का न लागता. खूश होऊन महाराजांनी पन्नासाची नोट दिली. तेव्हाचे पन्नास म्हणजे वर्षाची बेगमी. पण पणजोबांनी ती मोडली नाही. परटाच्या घरात राजाकडनं आलेली लक्ष्मी, मोडायची कशी? देव्हाऱ्यात ठेवली. मग आजी पुजायची, मग आमची आई, आणि आई गेल्यावर आप्पा स्वतः अंगठ्यानं हळद लावायचे. विकायची म्हटल्यावर त्यांनी एका शब्दानं आडकाठी केली नाही. "लक्षुमीपरीस नात मोठी," एवढंच म्हणाले.

त्या रात्री आप्पांनी जेवताना मला तेच तेच विचारलं.

"काय म्हनला त्यो?"

"अडीच लाख म्हणाला. किती वेळा सांगू?"

"आन् डाग नसता तर?"

"डाग नसता आणि घडी नसती तर चार."

"दीड लाख?" त्यांनी घास खाली ठेवला. "निसत्या डागाचं आन् घडीचं दीड लाख?"

"हो की."

"म्हंजे धुलाई आन् इस्त्री," आप्पा म्हणाले आणि हसले.

आम्हीही हसलो. घरात हसू ऐकून किती दिवस झाले होते. शैला हसता हसता डोळे पुसायला लागली, मी तिच्या पानात भाकरी वाढली आणि तिनं ती खाल्ली.

मग आप्पांनी तिला विचारलं, "दोन त्यास्नी दिल्यावर तुझ्या हातात काय ऱ्हातंय?"

"पन्नास हजार."

"पन्नास हजारात पोर वाढती व्हय? शाळा हाय, लगीन हाय. मी काय जलमभर पुरतोय?"

"आप्पा, आधी पोर घरात येऊ दे," मी म्हटलं. "पुढचं पुढं बघू. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालंय आपलं. आता तिसरा कशाला मागता?"

ते हात धुऊन उठले. मी पाकीट ट्रंकेत माझ्या चांगल्या लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. आमच्यात कुलूप चोरासाठी असतं, घरच्यांसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी बंडूमामांनी मोबाइलवरनं सांगितलं की पलीकडचे तयार आहेत. सोमवारी वकिलाच्या ऑफिसात पैसे आणा आणि पोर घेऊन जा. शैलानं माळ्यावरचा पाळणा काढून पुसला. तीन वर्षांची पोर पाळण्यात कशी मावणार, हे तिच्या लक्षातही आलं नाही. मीही सांगितलं नाही. शनिवारी मी दवाखान्यांतनं कोट गोळा करत फिरत होते, शैला बाजारात गेली होती चिमीसाठी फ्रॉक बघायला. घरी आप्पा एकटे होते. मी आले तेव्हा ते गच्चीवरनं उतरत होते, चेहरा उन्हानं रापलेला.

"भर उन्हात काय करताय वर?"

"काय न्हाई. वाळवण बघत हुतो."

मार्च महिना, वाळवणं सगळ्यांच्याच गच्चीवर. मला काय कळणार?

रविवारी ते म्हणाले, मी पण येतो. दुकान बंदच होतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, सगळं कडक. ट्रंकेतनं त्यांनीच पाकीट काढून आणलं, एका मोठ्या वहीत घालून छातीशी धरलं होतं. मी मागितलं तर देईनात.

"मी धरतो. तू बस."

मला वाटलं, घराण्याची वस्तू आहे, शेवटचं जवळ धरावंसं वाटत असेल. बसमध्ये शैला मधे बसली होती. ती म्हणाली, "आप्पा, उद्या या वेळेला चिमी माझ्या मांडीवर असंल." आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतके खूश मी त्यांना आईच्या माघारी कधी बघितले नव्हते.

माडीवर पुण्याचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते. साठीतला माणूस, मऊ बोलणारा. हेर्लेकरांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा बंद केला.

"आणा," ते म्हणाले.

आप्पांनी वही उघडली. त्यांनी नोट पाकिटातनं बाहेर काढून दोन बटरपेपरांच्या मध्ये ठेवली होती. वरचा कागद त्यांनी दोन बोटांनी, नवरीचा घुंगट उचलतात तसा उचलला.

"डाग शोधून दावा साहेब," आप्पा म्हणाले.

मी वाकून बघितलं.

नोट सुंदर दिसत होती, हे मला सांगायलाच पाहिजे. अशी नोट मी जन्मात बघितली नव्हती. हळद नाही, कुंकू नाही. मधली घडी कुठं होती ते सापडत नव्हतं. सपाट, ताठ, पांढरीशुभ्र, राजाचा चेहरा नुकताच दाढी केल्यासारखा.

हेर्लेकरांनी नंबर बघितला. परत बघितला. "ही तीच?"

"तीच की!" आप्पांचा आवाज अभिमानानं चढला. "साबन लावला न्हाई बरं का. हळदीला साबन लागला की लाल होती, हे लोकास्नी म्हाईत न्हाई. थंड पान्यात ठिवली. कुंकवाला लिंबू, कापसाच्या बोळ्यानं, निसतं टिपायचं, घासायचं न्हाई. मग ऊन. हळद उनाला टिकत न्हाई. मग खळ, लई पातळ, साबुदान्याची. आन् दोन फडक्यांच्या मधी इस्तरी. कागद हाय म्हनून निखारं कमी ठिवलं. एक अक्षर हाललं न्हाई. बघा."

डॉक्टरांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून राहिले. हेर्लेकरांनी खिडकी लावून घेतली आणि जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा नोटेवर धरला. नोट निळी-पांढरी झगमगली. कोट चमकावेत म्हणून आम्ही जी पावडर घालतो, तिचंच पाणी आमच्या फडक्यांत मुरलेलं असतं. ते सगळं नोटेत उतरलं होतं.

हेर्लेकरांनी दिवा विझवला. त्यांनी कोपऱ्याला हळूच टिचकी मारली. आवाज आला नाही.

"आप्पासाहेब," ते म्हणाले, "हे काय केलंत हो."

"का? काय ऱ्हायलं का?" आप्पा पुढं झुकले. "कुठं ऱ्हायलाय डाग?"

"डाग राहिला नाही. काहीच राहिलं नाही. शाई दबली, कागदाचा जीव गेला. धुतलेली नोट आमच्या धंद्यात मेलेली असते."

"पण तुम्हीच तर म्हनला हुता. डागानं दीड लाख खाल्लं."

"म्हणालो होतो. डाग पडायला नको होता असं म्हणालो होतो. काढा असं कुठं म्हणालो?" हेर्लेकरांचा आवाजही फुटला. त्यांना राग आला होता की रडू, मला कळेना. "पडला होता तर पडू द्यायचा होता! अडीच लाख तसेच मिळत होते की!"

"आता किती मिळतील?" शैलानं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

हेर्लेकर डॉक्टरांकडं बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "मी घेणार नाही. कुणी घेतलीच तर आठ-दहा हजार. फार झाले."

मग माझं तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. म्हटलं, काय लोक आहात तुम्ही, माणूस म्हातारं दिसलं की टाकून देता आणि नोट तरणी दिसली की टाकून देता! तोच राजा आहे, तीच कराची आहे, तोच नंबर आहे. मैल्याला किंमत आणि स्वच्छाला नाही, हा कुठला न्याय? मग मी हात जोडले. डॉक्टरांच्या पाया पडले मी. चिमीचं सांगितलं, उद्याच्या सोमवारचं सांगितलं. दोन द्या म्हटलं, वरचे पन्नास नकोत. दीड द्या. जलमभर तुमचे कपडे फुकट धुऊ.

डॉक्टरांनी मला उठवलं. त्यांनी खिशातनं पाकीट काढलं, त्यात होते तेवढे पैसे माझ्या हातात देऊ लागले. "हे नोटेचे नाहीत. तुम्हाला म्हणून." मी घेतले नाहीत. घ्यायला हवे होते की नको, कुणास ठाऊक. पण त्यानं पोर सुटणार नव्हती.

आप्पा अजून खुर्चीच्या टोकाला बसले होते. सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते. मग ते हेर्लेकरांना हळूच म्हणाले, "हळद परत लावली तर?"

हेर्लेकरांनी मान फिरवली.

"मी लावतो की साहेब. जिथं हुती तिथंच लावतो. मला जागा म्हाईत हाय. घडी बी घालतो."

शैला उठली. तिनं नोट बटरपेपरात ठेवली, वही मिटली आणि आप्पांचा दंड धरला. "चला आप्पा. उशीर होतोय."

रस्त्यावर आल्यावर मला धीर धरवेना. भर पेठेत मी आप्पांवर ओरडले. "अडीच मिळत होते की हो! दोन पाहिजे होते, अडीच मिळत होते! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ऊसाच्या रसवाल्यानं चरक थांबवला. लोक बघायला लागले. आप्पा टोपी हातात घेऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. "पोरीच्या लग्नाला हुईल म्हनलं," ते म्हणाले. "चार आलं तर दोन ऱ्हातील म्हनलं."

"अक्का, गप," शैला म्हणाली. "एक शब्द बोलू नको त्यांना. माझी शपथ आहे तुला."

मी गप्प बसले. त्या दिवसापासून मी आप्पांना त्यावरून एक शब्द बोलले नाही. बहिणीनं शपथ घातली होती, ती मी पाळली. पण खरं सांगते, मनात मी त्यांना कितीदा तरी बोलले आहे.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारची चंपूताई म्हणाली, "दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय." मी तिला दारातनं घालवून दिलं. कसलं कर्म? माणसानं जन्मभर एक काम जीव ओतून केलं, आणि ज्या दिवशी लेकीसाठी तेच काम केलं त्या दिवशी ते उलटलं. त्याला कर्म म्हणतात का? मला दुसरा शब्द सापडला नाही, पण तो नव्हे.

संध्याकाळी आम्ही जे जमेल ते बघितलं. माझं ट्रंकेतलं जुनं मंगळसूत्र, आईची जोडवी, इस्त्रीचं टेबल विकलं तर काय येईल. बंडूमामा तासगावला गेले आणि परत आले. दिलीपच्या आईनं सांगितलं होतं, कमी-जास्त काही होणार नाही, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढली आहेत.

मामा बोलत होते तेव्हा शैला कोपऱ्यात बसून भाजी निवडत होती. मामा थांबल्यावर ती म्हणाली, "मामा, त्यांनी चार तिकिटं काढली की तीन?"

"तीन. का?"

"एक अजून काढायला सांगा. मी जाते नांदायला."

मी उठलेच. "डोकं फिरलंय का तुझं? हात मोडला होता त्यानं. दुसरा मोडायचाय?"

"मोडू दे."

"शैला!"

"अक्का, ती मला मावशी म्हणाली." तिनं भाजीची जुडी खाली ठेवली. "सुरतेला गेल्यावर मावशी पण म्हणायची नाही. मी तिथं असले तर कधीतरी आई म्हणंल. पैसे त्यांना पाहिजेत, पण फुकटची बाई पण पाहिजेच की. म्हातारी काय भाकऱ्या थापणार तिथं?"

मामांनाही ते पटलं होतं, हेच मला सोसलं नाही. मी खूप भांडले. पोलिसांत जाऊ म्हटलं, गावात तमाशा करू म्हटलं. ती हो म्हणत राहिली आणि पिशवी भरत राहिली. आणि खरोखर, दिलीपच्या आईनं एका दिवसात होकार कळवला. दोन लाखांची गोष्टच कुणी काढली नाही परत.

ती निघाली त्या सकाळी आप्पा भट्टीच्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत. शैला दाराशी जाऊन म्हणाली, "आप्पा, येते हो मी. तुम्ही जेवत जा वेळेवर." तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. स्टँडवर मी सोडायला गेले. बस हलली तेव्हा ती खिडकीतनं म्हणाली, "मोबाइल नाही माझ्याकडं, पण पत्र घालीन." दोन पत्रं आली. दोन्हीत चिमीबद्दल होतं, स्वतःबद्दल काही नव्हतं. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की चिमी आता आई म्हणते.

दुसऱ्या पावसाळ्यात सुरतेहून कुणाचा तरी फोन आला. गच्चीवर कपडे वाळत घालताना शैलाचा पाय घसरला, गेली म्हणाले. बंडूमामा आणि मी जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. पोलिसांनी आमचं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. त्यापुढं काही झालं नाही. पोर आम्हाला दाखवलीसुद्धा नाही. दिलीप भिंतीला टेकून उभा होता आणि दारूचा वास येत होता.

आप्पांना मी सांगितलं तेव्हा ते कोटाच्या बाह्या उलटत होते. त्यांनी ती बाही पुरी उलटली, कोट खुंटीला अडकवला आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी धंदा केला, पण गिऱ्हाईकाशी बोलणं सोडलं.

शैला जाऊन वर्षसुद्धा झालं नसेल. दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, मी गल्ल्यावर होते. रिक्षा थांबली आणि दिलीपची आई उतरली. म्हातारी वाळली होती. तिच्या हाताला एक पोर होती, तेल न लावलेले केस, हातात कापडाची पिशवी. नाक-डोळे शैलाचे. मला बघून म्हातारीनं नजर चुकवली.

"दिलीपनं दुसरं केलंय," ती म्हणाली. "नव्या बायकूला ही नको झालीया. मी तरी किती दिस सांभाळू? तुमची नात हाय, तुम्ही ठिवून घ्या."

मी गल्ल्यावरनं उठले. तेवढ्यात मागनं आप्पा आले. ओले हात, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. त्यांनी पोरीकडं बघितलं. मग ते म्हातारीच्या पुढं गेले आणि हात जोडले.

"किती द्यायचं?" आप्पांनी विचारलं.

म्हातारी गोंधळली. "कशाचं?"

"पोरीचं. किती द्यायचं सांगा. मी देतो."

"काय नको," म्हातारी म्हणाली. "न्या तशीच."

आप्पा तसेच हात जोडून उभे राहिले. त्यांना ते ऐकूच गेलं नसावं, कारण त्यांनी परत विचारलं. मग मी बाहेर गेले, पोरीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत आणलं.